स्किमरला फेस येईना

लुजैनला तेल-मीठ चोळून झालं की ती झोपते. सकाळी एकदा आणि दुपार कलल्यावर असरच्या अजाननंतर एकदा. आधी मुठी उघडतात, मग कुणाशी तरी बोलल्यासारखे ओठ हलतात, आणि पुढची पन्नास मिनिटं घर माझं असतं. तेवढ्यात कपडे घडी करावेत, पाठ टेकावी, निदान केस तरी विंचरावेत. पण मी दिवाणखान्यातल्या माशांच्या टाकीखालचं कपाट उघडते आणि गुडघ्यांवर बसते.

त्या मंगळवारी नवा पंप बसवल्याचा आठवा दिवस होता. तो मांजरीसारखा गुरगुरत होता. पाणी फिरत होतं, बुडबुडे येत होते. फेस नव्हता.

समुद्रात लाट आपटते, फेस होतो आणि पाण्यातली घाण त्या फेसाबरोबर काठाला लागते. अम्मानमध्ये चौथ्या मजल्यावर लाट कुठून आणायची? म्हणून कपाटात, टाकीचं पाणी खाली उतरतं त्या छोट्या पेटीत, स्किमर असतो, हातभर उंचीचं प्लास्टिकचं नळकांडं. त्याचा पंप हवा आणि पाणी एकत्र घुसळतो. फेस नळकांड्यातून चढत जातो आणि माथ्यावरच्या वाटीत काळ्या चहासारखं कुबट पाणी साचतं. ती वाटी भरलेली दिसली की मला शांत झोप लागायची. आता ती कोरडी होती, आणि वर टाकीतलं माझं प्रवाळ मिटत चाललं होतं.

लग्नाच्या वर्षी ते घेतलं तेव्हा त्याला दोन तोंडं होती. आता अकरा. हिरवट बोंडं, टोकाला छोट्या हातोड्या, पाण्यात डुलणाऱ्या. त्यातली तीन रविवारपासून आत ओढली गेली होती. पाणी बदललं असतं तर निभावलं असतं, पण आमच्या गल्लीत नळाला पाणी शनिवारी येतं आणि गच्चीवरच्या पिंपात उरलं होतं ते लुजैनच्या दुपट्यांना.

"सिवार, अबू सख्रला बोलावून घे," मुतसिम फोनवर म्हणाला. माझा नवरा आठवडाभर दक्षिणेत सौरऊर्जेच्या प्रकल्पावर असतो, गुरुवारी रात्री घरी येतो. "तो मासे, प्रवाळ सगळं दुकानात नेईल. पोरगी मोठी झाली की पुन्हा घेऊ."

"पुन्हा घेऊ म्हणजे? हे सोफ्याचं कापड आहे का?"

"तुला झोप नाही, जेवण नाही, आणि तू त्या नळकांड्यात हात घालून बसतेस. आई सांगत होती."

"खालती काय सांगत होत्या?" सासूला मी खालती, म्हणजे मावशी म्हणते.

"की तू माशांशी बोलतेस."

"माशांशी नाही. पंपाशी."

तो हसला नाही. गुरुवार दुपारपर्यंत फेस आला तर टाकी राहील, नाही तर अबू सख्र बादल्या घेऊन येईल, असं ठरलं. मी हो म्हटलं. मग फोन ठेवून परत गुडघ्यांवर बसले.

मला काही म्हणजे काही कळत नव्हतं. जुना पंप बाळंतपणाच्या तिसऱ्या आठवड्यात कण्हायला लागला. मी तो खोलला, दातेरी चाकावर चुन्याचे पांढरे खडे धरले होते ते व्हिनेगरमध्ये विरघळवले, पुन्हा बसवला. कण्हणं थांबलं, पण फेस येईना. पंप म्हातारा झाला, असं म्हणून नवा मागवला. तो बसवला. तरी येईना. हवेची नळी सुईने साफ केली. पाण्याची पातळी दोन बोटं वर घेतली, मग तीन बोटं खाली. दिवसातून दोनदा स्किमर उचलून आतून चाचपला. मी दुरुस्त करत होते आणि ते बिघडत होतं, की ते बिघडलेलंच होतं आणि मी नुसती चाचपत होते, तेही सांगता येईना.

अबू सख्रने फोनवर वैद्यासारखी विचारपूस केली. खालच्या बाजारात पक्षी आणि माशांच्या दुकानांच्या रांगेत त्याचं दुकान आहे.

"उम्म लुजैन, मासा एखादा मेला का आत?"

मला उम्म लुजैन, लुजैनची आई, म्हटलं की अजून क्षणभर वाटतं, माझ्या मागे कुणी उभं आहे. "नाही, अम्मो. चारही मोजले."

"साबणाचा हात लागला?"

"अम्मो, सहा वर्षं टाकी सांभाळतेय. साबण मी त्या खोलीत नेत नाही. हात घालायच्या आधी नुसत्या पाण्याने धुते."

"अत्तर? क्रीम?"

"लग्नात लावलं ते शेवटचं."

"मग पंप नवा आहे म्हणून रुसलाय. नव्या सुनेला आठवडा देतात, त्याला दहा दिवस दे."

"प्रवाळाकडे दहा दिवस नाहीत."

"मग गुरुवारी येतो," तो हळू आवाजात म्हणाला. त्यालाही नकोच होतं ते.

खालती बाळंतपणाचे चाळीस दिवस पूर्ण होईपर्यंत आमच्याकडे राहायला आली आहे. तिने अजलून गावच्या स्वतःच्या ऑलिव्हच्या झाडांच्या तेलाचा पत्र्याचा डबा आणलाय आणि नियमांची यादी. बाळंतिणीने पंख्याखाली बसायचं नाही. थंड पाणी प्यायचं नाही. घरात बाळ बघायला येणाऱ्या प्रत्येकाला अक्रोड घातलेल्या 'करावया' खिरीची वाटी द्यायची, शेजारीण तिसऱ्यांदा आली तरी. बाळाला तेल मी लावायचं, कारण आईच्या हाताची ऊब आईच्या हातातच असते. चोळलेलं तेल पुसायचं नाही, हातावर उरलेलं धुऊन नाल्यात घालवायचं नाही, कोपरांना, मनगटांना जिरवायचं. खालतींची कातडी सत्तराव्या वर्षी माझ्यापेक्षा मऊ आहे, त्यामुळे मी वाद घालत नाही.

टाकीशी मात्र तिचं जमत नाही. "एवढं पाणी भिंतीला टेकवून ठेवलंय," ती म्हणते, "आणि आम्ही शनिवारची वाट बघतो. खारं तर खारं, धुणं झालं असतं."

बुधवारी मी टाकीला हात लावला नाही. कपाटावर चादर टाकली. लुजैनला चोळलं, ती झोपली, आणि मी तिच्याशेजारी आडवी पडून तिच्या कानामागची लव बघत राहिले. तिचं अंग मीठ आणि हिरव्या तेलाने चकाकत होतं. मला रडू आलं, आणि नेमकं कशासाठी ते समजेना. पोटच्या पोरीपाशी पडून अकरा तोंडांच्या दगडासाठी रडणारी ही कसली आई?

गुरुवारी सकाळी चादर काढली ती पंपाची वायर सोडवायला. बादल्या यायच्या आधी हे काम स्वतःच करावं, म्हणून.

वाटीत बोटभर तपकिरी पाणी होतं.

नळकांड्यात पांढरा, दाट फेस गळ्यापर्यंत चढलेला. हळूहळू, साय वर येते तसा. मी काहीच केलं नव्हतं! आठ दिवस सगळं केलं तेव्हा नाही, आणि चादर टाकली तर आला?

"खालती!" मी ओरडले. "खालती, आला!"

"कोण आला? मी डोक्यावर काही घेतलेलं नाही!"

"फेस!"

"हळू, पोरगी उठेल. आत्ताच तर चोळून निजवलीस."

हवेची नळी थोडी तिरकी दिसली. एवढ्या सुंदर फेसाला धक्का नको म्हणून मी बाही वर केली, नेहमीसारखा नुसत्या पाण्याने हात ओला केला आणि दोन बोटांनी नळी सरळ करायला पाण्यात हात घातला.

फेस बसला.

माझ्या डोळ्यांसमोर. दहापर्यंत मोजावं तेवढ्यात वरचा थर फुटला, मग खालचा, मग नळकांड्यात नुसतं पाणी आणि मूर्ख, मोठाले बुडबुडे. हात बाहेर काढला. मनगटावरून पाण्याचे थेंब ओघळत नव्हते, गोळ्या होऊन घरंगळत होते. कपाटातल्या पाण्यावर इवलासा रंगीत डाग फिरत होता, मोराच्या पिसासारखा, आणि त्याच्याजवळ मिठाचा एक खडा विरघळायचा राहिला होता.

मी हात नाकाशी नेला. हिरवं तेल. लुजैनचा वास.

कितीतरी वेळ ते डोक्यात शिरेना. साबण नको, हा टाकीचा नियम. तेल धुवायचं नाही, हा खालतींचा नियम. दोन्ही मी जिवापाड पाळले होते. रोज दोनदा, पोरगी झोपली रे झोपली की, तिला लावलेलं तेल नेऊन मीच पाण्यात कालवत होते. तेल आलं की फेस मरतो, हे मला सहा वर्षांपासून ठाऊक होतं. पण ते स्वयंपाकाचं तेल. हे तेल नव्हतंच, ही लुजैनची कातडी होती.

दारावरची घंटा वाजली. अबू सख्र दोन झाकणाच्या बादल्या आणि जाळी घेऊन उभा. तो कपाटापुढे वाकला.

"फेस कुठाय?"

"आत्ता होता, अम्मो. वाटी बघा. तेल आहे माझ्या हाताला, बाळाचं."

त्याने माझ्याकडे बघितलं, मग खालतींकडे. बाळंतिणीचं डोकं कधीकधी फिरतं, हे त्याला ऐकून माहीत असावं.

"तेल?" खालती ओढणी सावरत पुढे आली. "आता आमच्या झाडांवर आलं का? त्या तेलावर सात पोरं वाढली या घराण्यात!"

"तेल वाईट नाही म्हणत, खालती. मासे आहेत ना, त्यांना—"

"मासे तेलात तळतात ते चालतं त्यांना!"

अबू सख्रला हसू फुटलं. त्याने वाटी उचलून वास घेतला, नाक मुरडलं. "हे जुनं नाही. रात्रीचंच आहे." मग माझं मनगट न धरता, नुसतं लांबून न्याहाळलं. "रोज लावतेस?"

"दोनदा."

"आणि रोज हात घालतेस?"

"दोनदा."

तो खाली बसला. "वेडे, मी क्रीम विचारलं होतं."

"क्रीम नव्हतंच ना."

खालतीने वेलदोड्याची कॉफी केली, कारण रागावली तरी पाहुणा पाहुणाच. अबू सख्रने दोन कप घेतले, करावयाही घेतली, आणि दर थोड्या वेळाने कपाटात डोकावला. फेस आला नाही. दुपार झाली.

"मुतसिमला काय सांगू?" मी विचारलं.

"चाळिसावा कधी?"

"मंगळवारी."

त्याने बादल्या एकात एक घातल्या. "मंगळवारपर्यंत या कपाटात हात घालायचा नाही. नळी तिरकी, राहू दे तिरकी. जग बुडालं तरी नाही. शनिवारी पाणी आलं की माझा भाचा येऊन बदलून जाईल." दारात थांबून म्हणाला, "आणि जुना पंप टाकू नकोस. त्याला काही झालेलं नाही, बहुतेक."

तो गेल्यावर खालती पुटपुटली, "पोरीला मंगळवारपर्यंत मी चोळते मग. तू तुझ्या डबक्याजवळ बस."

मी ते मनात पुन्हा एकदा म्हणून बघितलं. माझे हात मोकळे, टाकी वाचलेली, सगळं एका वाक्यात सुटत होतं. आईच्या हाताची ऊब म्हणणारी तीच होती.

"नको," मी म्हटलं. "मीच लावते."

असरनंतर लुजैनला चोळलं. पाय, मांड्या, पाठीचे दोन खळगे. उरलेलं कोपरांना जिरवलं. ती झोपली नाही, टक्क जागी राहिली, म्हणून तिला खांद्यावर घेतलं आणि आम्ही दोघी टाकीपुढे उभ्या राहिलो. कपाटाचं दार मी पायाच्या अंगठ्याने उघडलं.

दिवेलागणीला मुतसिमची किल्ली दारात फिरली तेव्हा नळकांड्याच्या तळाशी करंगळीएवढा पांढरा थर धरला होता. तेवढाच. वर प्रवाळाची आठ तोंडं उघडी, तीन मिटलेली.

"बादल्या कुठायत?" त्याने विचारलं.

"हळू बोल," मी म्हटलं. "आणि इकडे ये. तुझे हात कोरडे आहेत ना? ती नळी जरा सरळ कर."