खिळ्यावरचं झाकण

मी कडबाकुट्टी बोलतेय. कामथडीतल्या गेनबांच्या गोठ्यात असते. आत लोटाल ते कापायचं, एवढीच माझी अक्कल. कडबा कुठला आणि हात कुठला, हे मला कळत नाही.

नसरापूरच्या दुकानातून आले तेव्हा माझ्या तोंडावर लोखंडी झाकण होतं. त्यामुळे हात पात्यापर्यंत पोचत नसे. पण हिरवी मका अडकायला लागली, तसं गेनबांनी ते काढून खिळ्याला टांगलं. तिथं आता कोळ्यांचा संसार आहे.

सगळी भावकी माझ्याकडेच वैरण घेऊन येते. एका सकाळी गेनबांच्या चुलतभावजयीची, बनाबाईंची, बोटं माझ्यात गेली. त्यांना टेम्पोत बसवतानाच गेनबांच्या बायकोनं, रतनबाईंनी, पढवलं की दवाखान्यात दारात चेमटली म्हणायचं. ज्याच्या गोठ्यात घडलं त्याचं नाव घ्यायचं नाही, ही इथली रीत. पोलिसांचं झेंगट नको आणि भावकीत वाईटपणाही नको. केसपेपरवर दार लागलं. पुढं भावकीतल्याच चिमाजींचा अंगठा गेला, तोही दारानंच खाल्ला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते हेच.

परवा आरोग्य उपकेंद्राच्या नर्स, नूतन सिस्टर, आल्या. शेतातल्या इजा शोधायला त्यांनी दवाखान्यातले जुने केसपेपर चाळले होते. एकाच आळीतली दारं इतकी कशी चावतात, हे कोडं त्यांना सुटेना. बोलता बोलता त्यांची नजर माझ्या उघड्या तोंडावर थांबली.

"रतनबाई, मला कुणाला अडकवायचं नाही," त्या म्हणाल्या. "खरं लिहिलं गेलं तर झाकणं बसवून घेता येतील. पुढचा हात वाचेल."

वाटलं, आता तरी कुणी माझं नाव घेईल. रतनबाईंची सून सुप्रिया बोलणारही होती. रतनबाईंनी तिच्याकडे नुसतं बघितलं.

"दारच व्हतं," त्या म्हणाल्या. "आमी काय खोटं बोलू व्हय?"

सिस्टर गेल्या. तेव्हापासून मला सुप्रियाची काळजी वाटते, कारण आता वैरण तीच लोटते.

आजही रतनबाईंनी ओसरीवरून सांगितलं, "जनावरं वरडाय लागली, आटप."

सुप्रियानं खिळ्याकडे एकदा पाहिलं आणि बटण दाबलं. वाकली की तिचा पदर माझ्या तोंडाशी लोंबतो. मला हाक मारता येत नाही, आपलं आपण थांबताही येत नाही. तुम्ही ऐकताय ना, मग तुम्ही तरी जाऊन माझं नाव सांगा. पेंढी आत सरकतेय, मागोमाग पदराचं टोकही.

दवाखान्यात सांगायला दार तयारच आहे.