सुई टेकली होती

मोजणीच्या खोलीत मला गोगलगाय म्हणत. तोंडावर नाही, पण तिथल्या भिंती काचेच्या, कुजबुज कानावर यायचीच. नाव चुकीचं होतं असंही नाही. निवृत्तीनंतर मला कामावर ठेवलं होतं ते पुतण्याच्या शब्दावर. तो विभागप्रमुख. त्यामुळे खुर्ची माझी की त्याची मेहेरबानी, हे मला कधी ठरवता आलं नाही. सुटू मात्र द्यायची नव्हती. घरी पुस्तकं होती, पण पुस्तकांना माझी गरज नव्हती.

आमचं काम सिलिकॉनच्या चिपवरच्या रिंगा मोजण्याचं. एकेक रिंग केसाच्या टोकावर मावेल एवढी. शेजारच्या सरळ वाटेने लेझरचा प्रकाश जातो आणि त्यातला एक ठरावीक रंग रिंगेत शिरून तिथेच फिरत राहतो. पडद्यावरच्या आलेखात त्या रंगाच्या जागी खड्डा दिसतो. रिंगेवर बारीकसा हीटर असतो. सुई टेकवून त्याला वीज दिली की रिंग तापते, खड्डा उजवीकडे सरकतो, म्हणजे रिंग दुसरा रंग धरते. किती विजेत किती सरकला, एवढंच मोजायचं. गोची ही, की खड्डा एकटा नसतो. ठरावीक अंतरावर दुसरा, मग तिसरा, सगळे जुळ्या भावांसारखे आणि सरकतातही एकदम. म्हणून मी वीज वीस टप्प्यांत वाढवतो आणि आपला खड्डा नजरेआड होऊ देत नाही.

नव्या हीटरचा आराखडा पुतण्याचा होता. सकाळी मी मोजलं. पूर्ण वीज दिल्यावर खड्डा पुढच्या खड्ड्यापर्यंतच्या अंतराच्या जेमतेम एक तृतीयांश सरकला. जुन्या हीटरइतकाच. तसं वहीत लिहिलं.

दुपारी पुतण्या आला. "काका, अजून पहिल्याच रिंगेवर? सरका, मी दाखवतो."

त्याने दोनच वेळा मोजलं. एकदा वीज बंद ठेवून, एकदा पूर्ण देऊन. दुसऱ्या वेळी पडद्यावर दिसणारा रंगांचा पट्टा त्याने आधीच बराच उजवीकडे नेला होता, कारण खड्डा लांब जाणार याची त्याला खात्रीच होती. तिथे एक खड्डा दिसला.

"बघा! जुन्याच्या चौपट सरकला!"

"अरे, हा शेजारचा नसेल ना?" मी म्हणालो.

"शेजारचा कसा असेल? काका, तुमची सुई नीट टेकली नसणार. वीज पोचलीच नाही, तर खड्डा सरकेल कशाला?"

पलीकडच्या टेबलावर चिपला तारा जोडणाऱ्या बाई बसत. त्या मान वर न करता म्हणाल्या, "साहेब, काकांची सुई टेकत नाही असं कधी झालं नाही हो. उलट टेकली की उठत नाही."

सगळे हसले. मीही हसलो. पण मनात आलं, हात हल्ली थरथरतो खरा. पुतण्या माझ्यापेक्षा हुशार आहे, हे तर मी त्याला अंकगणित शिकवत होतो तेव्हापासून ठाऊक. पुन्हा मोजायला अर्धा तास लागला असता. सगळे बघत होते. मी सकाळच्या आकड्यांवर आडवी रेघ मारली आणि शेजारी स्वच्छ अक्षरात लिहिलं: "सुई नीट टेकली नव्हती. चूक माझी." खाली चौपटचा आकडा आणि सही.

पाच महिन्यांनी सगळा माल परत आला. घेणाऱ्यांनी आमच्या आकड्यावर विसंबून चौथा हिस्साच वीज पुरवायची सोय केली होती. एकही रिंग हव्या त्या रंगापर्यंत पोचली नाही.

चौकशीला वरचे दोघे आले. वही मध्ये उघडी ठेवली होती. पुतण्या शांतपणे म्हणाला, "मोजणी काकांची, सहीही त्यांचीच. आणि सुई नीट टेकत नव्हती, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. वयाचा प्रश्न आहे, सर. मुद्दाम कोण करेल?"

साक्षीला बोलावलेल्या बाईंनी मला कोपराने ढोसलं. "बोला की!"

"सुई टेकली होती," मी म्हणालो.

"काय म्हणालात?" वरच्या दोघांतल्या एकाने कानाला हात लावून विचारलं.

अक्षर माझं होतं. रेघ माझी, सही माझी. माझ्याविरुद्ध माझ्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा कुठून आणणार?

"काही नाही," मी म्हणालो.

रविवारी पुतण्या घरी आला. माझं टेबलावर राहिलेलं भिंग आणि चष्म्याची डबी पिशवीत घालून आणली होती.

"काका, आता आराम करा. मी त्यांना सांगितलं, कागदावर काही आणू नका म्हणून."

"बरं केलंस रे बाबा," ही म्हणाली आणि त्याच्यापुढे चहा ठेवला. "यांना कोण सांभाळून घेणार तुझ्याशिवाय?"

"माझ्या जागी कोण?" मी विचारलं.

"नवी मुलगी घेतली आहे. आणि एक नियमच करून टाकलाय मी." त्याने चहाचा घोट घेतला. "यापुढे घाई नाही. वीज वीस टप्प्यांत वाढवायची आणि खड्डा नजरेआड होऊ द्यायचा नाही. वरचे खूश झाले."

"हुशारच आहे पहिल्यापासून," ही माझ्याकडे बघून म्हणाली. "तुम्हाला नाही कधी सुचलं ते?"

मी पिशवीतून भिंग काढलं आणि चष्म्याच्या डबीतल्या फडक्याने ते कितीतरी वेळ पुसत बसलो.