चार बोटं वर

दोघा भावांच्या गॅरेजात कामाची वाटणी वडीलच करून गेले होते. थोरल्याकडे इंजिन, धाकट्याकडे पत्रा. दादाने माप सांगायचं आणि धाकट्याने त्या मापाने ठोकायचं. पुन्हा मोजायचं नाही. पुन्हा मोजलं म्हणजे थोरल्याचा अपमान! आता बोला.

अशात डोळ्यांच्या डॉक्टरांची गाडी आली. साठ वर्षांपूर्वीची स्पोर्ट्स कार, दोनच माणसांची, बुटकी, लांब नाकाची. बॉनेटची तर गंजून चाळण झालेली. डॉक्टरांना गाडी दिसायला जुनी हवी होती आणि पळायला नवी, म्हणून दादा तिच्यात दुसरं मोठं इंजिन बसवणार होता.

बॉनेट मात्र ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून हाताने घडवायचं होतं. धाकट्याचं मनगट कधीचंच कामातून गेलेलं. हातोडी सोड, नाहीतर हात जाईल, असं हाडांच्या डॉक्टरांनी त्याला बजावलेलं होतं. "एवढं एक करतो," तो बायकोला म्हणाला, "मग हातोडी खाली ठेवली."

"तुमचं 'एवढं एक' मी लग्नापासून ऐकतेय," ती म्हणाली. पण या वेळी तो खरंच बोलत होता.

पाच महिने तो वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोडीने ठोकत होता. डोळे मिटून तळवा फिरवायचा, जरासा उंचवटा लागला की पुन्हा ठोकाठोक. संध्याकाळी त्याला पाण्याचा पेला धरवत नसे. पण बॉनेट असं उतरलं की खडूस रंगारीसुद्धा म्हणाला, "याला लांबी कुठे भरू? बुजवायला एक खड्डा ठेवला नाहीस."

बसवायच्या दिवशी ते खाली बसेना. चांगलं चार बोटं वर राहिलं. बिजागरी अडली असेल म्हणून धाकटा वाकला.

"बिजागरीचं काही नाही," दादा म्हणाला. "इंजिनावरचा एअर फिल्टर बॉनेटला लागतोय. मी इंजिन मोजलं तेव्हा तो काढून ठेवला होता."

"हे तुला कधी कळलं?"

दादा फडक्याला हात पुसत राहिला. "झाला दीड महिना."

"दीड महिना! आणि मी इथे मनगटाचा भुगा करत होतो, ते तू बघत बसलास?"

"वाटलं, इंजिन खाली घेता येईल. नाही आलं. माप माझं चुकलं, हे तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. याचा मान राहावा म्हणून माझा हात गेला! दुसरं बॉनेट घडवायची ताकद आता त्याच्यात नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. बॉनेटला भोक पाडायला दादाने कटर उचलला.

"हात लावू नकोस त्याला."

धाकट्याने स्वतःच कापलं. बरोबर मधोमध, जिथे पत्रा सगळ्यात नितळ होता तिथे. भोकावर, खाली एअर फिल्टर मावेल असा, पत्र्याचा विकतचा फुगवटा जोडला. सांध्यात लांबी भरली गेली, वरून लाल रंग बसला.

डॉक्टर गाडी न्यायला आले. गाडीभोवती एक फेरी मारून ते त्या फुगवट्यापाशीच थांबले. "वा! काय रुबाब आणलाय याने! सगळ्या गाडीत हीच गोष्ट नजरेत भरते. कल्पना कोणाची?"

धाकटा दादाकडे बघत राहिला. आता तरी हा म्हणेल, डॉक्टर, फुगवटा सोडा, बाकीचा पत्रा बघा, तो माझ्या भावाने हाताने घडवलाय.

"माझी," दादा म्हणाला.