हुतात्म्याने मागितलेला उंबरा

"थांबली! खेचरं थांबली!"

सिरियातल्या अपामिया नगराच्या भर पेठेत शेकडो माणसं गुडघ्यांवर आली. गाड्यावर ख्रिस्ती हुतात्म्याच्या अस्थींची दगडी पेटी, आणि ओढणारी खेचरं डोम्निनाच्या दारासमोर डोळे पांढरे करून मागे सरत होती. चाबूक पडला तरी पाऊल पुढे टाकीनात.

"हुतात्म्याला हीच जागा हवी!" मिरवणुकीच्या पुढे चालणारा झेबिनास बाबा गरजला. "इथंच त्याचं देऊळ होणार. उद्या दुपारपर्यंत घर रिकामं करा! या उंबऱ्याला जो हात लावील त्याचा हात झडेल!"

डोम्निना विधवा, मागावर पोट भरणारी. आत अंथरुणाला खिळलेली सासू. तिला घेऊन जायचं कुठं? आणि त्याहून मोठी धास्ती वेगळीच. याच हुतात्म्याच्या नावानं ती रोज दिवा लावायची. मग आपलं चुकलं काय?

पहाटे नेमानं उंबरा धुवायला बसली, तर हात पुढे होईना.

"लाव की गं!" आतून सासू खेकसली. "माझे दोन्ही पाय गेले, मी कुठल्या उंबऱ्याला हात लावला होता?"

डोळे मिटून तिनं हात टेकला. दगड चिकट होता. वास उग्र, रानटी.

तिनं जनावरांचा वैद्य मारिस याला गाठलं. त्यानं तिची बोटं हुंगली.

"सिंहाची चरबी, ताई. आखाड्यात सिंह झुंजवतात ना, तिथले नोकर विकतात, सांधेदुखीवर. या वासापुढे खेचर मरेल, पण पाऊल टाकणार नाही."

"म्हणजे हुतात्मा रागावला नाही?"

"त्याला विचारलंय कुणी! नाक्यावरची जागा बाबाला हवीय."

दुपारी सगळ्यांदेखत डोम्निनानं राख आणि कढत पाण्यानं उंबरा घासला. "अगं, झडेल हात!" बायका किंचाळल्या. हात झडला नाही. मारिसनं गाड्याची खेचरं पुन्हा हाकली; ती दारावरून निमूट पुढे गेली.

मग मारिसनं आपल्या डबीतली तीच चरबी बाबाच्या बिऱ्हाडाच्या दाराला फासली. तिथं आणताच खेचरं जागीच अडली.

"बाबा, हुतात्म्याला तुमचीही खोली हवीय. बांधा सामान!" तो ओरडला.

लोक हसले. बाबा गर्दीतून निसटला, त्याच्या खोलीत चरबीचं गाडगं मागेच राहिलं.

संध्याकाळी डोम्निनानं त्याच हातानं दिवा लावला. सत्यासाठी ज्यानं जीव दिला, तो एका म्हातारीचं अंथरूण कशाला ओढून घेईल? भीतीनं गुडघे टेकण्याआधी, बायांनो, दगडाला एकदा हात लावून पाहा. बोटं हुंगून पाहा. दिवा त्यानंतरही लावता येतो.