अकरा पेट्यांची तोंडं

आमच्या घरात बोलण्याआधी हात चालायचा. आधी बाबांचा चालायचा, मग माझा, आणि मिशा फुटल्यावर धाकट्याचाही. त्याच्या डाव्या भुवईवर पांढरा व्रण आहे तो मी फेकलेल्या पटाशीचा. मधमाश्यांच्या पेटीतल्या चौकटी उचकटायला वापरतात ती पटाशी. माझी उजवी करंगळी वाकडी आहे ती त्याने दार आपटलं तेव्हाची. दोघांचीही लग्नं झाली नाहीत. कुठलीतरी दोन घरं वाचली असं शेजारीपाजारी म्हणतात, ते खरं असावं.

बाबा गेल्यावर वर्षभर कसंबसं एकत्र काढलं, मग वाटणी केली. मधे धाकट्याने कमरेइतकी दगडी भिंत घातली. एकेक गाय वाटून घेतली. पेट्या बावीस होत्या, त्या अकरा-अकरा झाल्या. कुत्रा एकच, तो त्याच्याकडे गेला. कुत्र्याचं नाव बोका, कारण पिल्लू असताना तो मांजरासारखा दबकत येऊन दूध प्यायचा. मीच त्याला बोळ्याने दूध पाजून जगवला होता. पण वाटणीच्या दिवशी मी रागाने म्हणाले, ने तोही. आणि धाकट्याने नेला.

एका घराची दोन घरं झाली की कामं निम्मी होतात असं ज्याला वाटतं, त्याने आमच्याकडे येऊन बघावं. फुलांचा हंगाम संपला की गावाबाहेरच्या मैदानात तीन दिवस जत्रा भरते. वर्षाचा सगळा मध आम्ही तिथेच विकतो. जत्रेच्या आधी मध काढायचा, गाळायचा, बरण्या उकळून वाळवायच्या, लेबलं चिकटवायची. पण जत्रा आहे म्हणून गाय दूध द्यायची थांबत नाही, आणि शेंगाही वेलीवर वाट बघत बसत नाहीत. पहाटे धार, मग शेंगा, मग बरण्या, मग शेण, मग परत बरण्या. बरणीला शेणाचा हात लागला की परत उकळा. भिंतीपलीकडे धाकटा हेच सगळं एकटा करायचा. दोघंही दमून मरत होतो, पण हाक मारायला जीभ उचलत नव्हती.

जत्रेला नऊ दिवस होते तेव्हा मी जागेची चिठ्ठी घ्यायला समितीच्या कचेरीत गेले. फाटकाजवळची पहिली जागा, मोठ्या झाडाखालची, तीस वर्षं बाबांची होती. तिथला कारकून माझ्याकडे न बघता म्हणाला, “ती तुमच्या भावाने घेतली. तुमची एक्केचाळीस नंबर.”

एक्केचाळीस नंबर म्हणजे संडासांच्या मागे. तिथे मध विकायचा.

तळपायाची आग मस्तकात गेली. घरी आले ती सरळ भिंतीवर. धाकटा पलीकडे चौकटी खरवडत होता.

“बाबांची जागा चोरलीस?”

“चोरली नाही, नोंदवली.” त्याने मानही वर केली नाही. “गेल्या वर्षी तू गिऱ्हाइकाला बरणी फेकून मारलीस. समितीवाले तुला ती जागा देणारच नव्हते. मी घेतली नसती तर हातची गेली असती.”

“तो मधात गूळ घालतेस का विचारत होता.”

“म्हणून डोकं फोडायचं?”

“खांद्याला लागली.”

हसला मेला. तेवढ्यात बोका भिंतीवरून उडी मारून माझ्या पायाशी आला, रोज यायचा तसा. मी त्याला मानेला धरून परत पलीकडे टाकला. “हा कुत्रा बांधून ठेव. परत माझ्या अंगणात दिसला तर तंगडं मोडेन त्याचं.”

त्याच संध्याकाळी धाकट्याने बोक्याला साखळीने बांधला, त्याच्या पेट्यांशेजारच्या खुंटाला. माझं ऐकायची बुद्धी त्याला नेमकी तेव्हाच झाली.

आता जे सांगणार आहे ते मी चार दिवस डोक्यात घोळवलं होतं. रागाच्या भरात हातून घडलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

फुलं संपली की माश्या उपाशी असतात आणि उपाशी माश्या चोर होतात. एखाद्या पेटीच्या तोंडाशी मधाचा वास आला की दुसरीकडच्या माश्या तिथे शिरतात. पहारेकरी माश्या लढतात, मरतात, आणि मग ती पेटी लुटून नेली जाते. मध काढून नेतात, मेणाचा भुगा तेवढा उरतो. म्हणून या दिवसांत थेंबभर मध सांडला तरी बाबा आम्हाला झोडपायचे. माझ्या पेट्या जोरदार होत्या, धाकट्याच्या अशक्त. त्याचा मध माझ्याच माश्यांनी माझ्याच पेट्यांत आणला असता. जत्रेत झाडाखालच्या जागेवर तो रिकाम्या हातांनी बसला असता. मला तेवढंच बघायचं होतं.

पाच दिवस उरले होते. दुपारी तो जेवून आडवा झाला तेव्हा मी वाडग्यात पातळ केलेला मध आणि चुना लावायचा जुना कुंचला घेऊन भिंत ओलांडली. अकरा पेट्यांची तोंडं सारवली, अगदी नीट, दाराला रंग लावावा तशी. बोका शेपूट हलवत साखळीच्या टोकापर्यंत आला. त्याने माझा हात चाटला. मी म्हणाले, “गप बस.” आणि परत आले.

अर्ध्या तासात आवाज सुरू झाला. माश्यांचा नेहमीचा आवाज मला झोपेतही ओळखता येतो. हा तो नव्हता. हा वरच्या पट्टीत होता, थांबत नव्हता. मी भिंतीवरून बघितलं. पेट्यांसमोरची जमीन हलत होती. माश्या एकमेकींना धरून गोल गोल लोळत होत्या, पाय तोडत होत्या, पंख तोडत होत्या. मेलेल्यांचे ढीग लागले होते आणि ढिगांवरून नव्या आत शिरत होत्या. हवेत पिकलेल्या केळ्यासारखा वास सुटला होता. माश्या नांगी मारतात तेव्हा हा वास सुटतो, आणि तो आला की बाकीच्या माश्या समोर येईल त्याला मारत सुटतात. हे मला माहीत होतं. पंचवीस वर्षांपासून माहीत होतं. राग आला की माहीत असलेलं काही कामाला येत नाही.

मग बोका ओरडला.

त्याचं तोंड दिसत नव्हतं. डोकं, कान, नाक सगळं माश्यांनी काळं झालं होतं. तो साखळीला हिसके देत होता, जमिनीवर डोकं घासत होता, उडी मारून परत मानेवर आपटत होता. मी तोंडावरचा जाळीचा बुरखा शोधायला आत धावले. तो खुंटीवर नव्हता, बरण्यांच्या खोलीत होता. तेवढ्या वेळात धाकटा झोपेतून उठून उघड्या अंगाने बाहेर आला होता. बुरखा नाही, पायात चपला नाहीत. सरळ कुत्र्याकडे गेला.

“जाऊ नकोस,” मी ओरडले. “धाकट्या, मरशील.”

त्याने ऐकलं नाही. साखळीची कडी अडकली होती. तो ती दोन्ही हातांनी सोडवत बसला आणि माश्या त्याच्या पाठीवर बसत गेल्या. डोळ्यांवर, ओठांवर, कानात. त्याने एकदाही हात कडीवरून काढला नाही. कडी सुटली तेव्हा बोका दोन पावलं चालला आणि कुशीवर पडला. धाकटा गुडघ्यांवर आला, ओकला आणि त्याच्यावरच कोसळला.

मी गोठ्यातली दोन पोती हौदात बुडवली, भिंत ओलांडली, पोती त्याच्यावर टाकली आणि त्याला पायाला धरून ओढलं. पाठ सोलवटली त्याची. मलाही साठेक डंख बसले असतील, मोजले नाहीत. दूध न्यायला येणारा टेम्पोवाला चारला येतो, त्या दिवशी देवाच्या दयेने साडेतीनलाच आला. कॅनच्या मधे धाकट्याला आडवं घालून दवाखान्यात नेला. डॉक्टरीणबाई त्याच्या मांडीत सुई खुपसताना म्हणाली, “अजून दहा मिनिटं आणि आणायची गरज नव्हती.” तिने चिमट्याने दोनशे नांग्या काढल्या. मग मोजायचं सोडून दिलं.

बोक्याला मी रात्री माझ्या अंगणात पुरला. सुजून तो वासराएवढा झाला होता. खड्डा दोनदा मोठा करावा लागला.

आणि दुसऱ्या दिवशी, धाकटा दवाखान्यात असताना, मी मध काढला. हो, काढला. माझ्या पेट्या इतक्या जड झाल्या होत्या की वरचा मजला उचलताना कंबर धरली. एकशे चाळीस बरण्या भरल्या. कोणी विचारलं असतं तर जत्रा तोंडावर आहे असं सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही. लेबलं वाकडी चिकटत होती आणि मी त्यांना शिव्या घालत होते.

जत्रेला तीन दिवस होते तेव्हा टेम्पोवाल्याने धाकट्याला घरी आणून सोडलं. तो स्वतःच्या घरी गेला नाही. काठीने भिंत चाचपत, वळसा घालून, माझ्या बरण्यांच्या खोलीच्या दारात आला. तोंड भोपळ्यासारखं सुजलेलं, दोन्ही डोळे अजून बंद.

“ताई?”

“इथे आहे. पायरी आहे, सांभाळ.”

तो आत येऊन उपड्या बादलीवर बसला.  मग म्हणाला, “बोका कुठे पुरलास?”

“माझ्याकडे. पेरूखाली.”

“बरं केलंस.” त्याने काठी गुडघ्यांवर आडवी धरली. “माझ्यामुळे गेला तो. सकाळी दोन पेट्यांचा मध काढला आणि ओल्या चौकटी तशाच अंगणात ठेवल्या. धार राहिली होती, शेंगा राहिल्या होत्या, म्हटलं संध्याकाळी उचलू. बाबा असते तर चामडी सोलली असती. मीच लूट लावून दिली, ताई. आणि त्याला बांधूनही मीच ठेवला.”

 बोलायची गरजच नव्हती. सगळं आपोआप त्याच्या अंगावर गेलं होतं, आणि त्याने ते मुकाट्याने घेतलंही होतं.

त्याने खिशातून चिठ्ठी काढली, समितीच्या शिक्क्याची. “झाडाखालची जागा तू घे. माझ्याकडे वीस बरण्या आहेत, त्याही तूच विक. आणि गिऱ्हाइकाला मारू नकोस.”

मला त्याचा भयंकर राग आला. त्याने शिवी दिली असती, काठी उगारली असती, तर मी आयुष्यभर गप्प राहिले असते. मी उठले, कोपऱ्यातला कुंचला घेतला आणि त्याच्या हातात दिला. कुंचल्याचे केस मधाने एकमेकांना चिकटून कडक झाले होते. त्याने बोटांनी चाचपला, नाकाशी नेला.

“हे काय?”

“तुझ्या चौकटींनी काही झालं नाही. मी मध लावला. दुपारी, तू झोपला होतास तेव्हा.”

“कशाला लावलास?”

“पेट्यांच्या तोंडांना.”

“किती?”

“अकरा.”

 त्याच्या सुजलेल्या चेहऱ्यावर काही कळत नव्हतं. त्याने कुंचला खाली ठेवला, अगदी हळू, काच असावी तसा.

“आणि हा मध?” त्याने हवेत नाक फिरवलं. “खोलीभर वास आहे. माझाच आहे हा.”

“अर्ध्याहून जास्त तुझा आहे.”

तो उठला. काठी दोन्ही हातांत धरली. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. हात वर केले नाहीत, डोकं झाकलं नाही. पहिला फटका माझ्यावर येणार हे मला ठाऊक होतं आणि तो यावा असंच वाटत होतं.

“खिडकी लाव,” तो म्हणाला.

“काय?”

“खिडकी लाव, दार लाव. माश्या येतील.”

मी खिडकी लावली, दार लावलं, फटीत पोतं कोंबलं. मग त्याने काठी फिरवली. वरची फळी एका फटक्यात साफ झाली. काचा माझ्या नडगीला लागल्या. तो आंधळ्यासारखा चाचपत पुढे सरकत होता, फळी सापडली की मारत होता, आणि प्रत्येक फटक्याला घशातून आवाज काढत होता. बोका साखळीला हिसके देताना काढत होता तसा. मध भिंतीवरून उतरत पायांपर्यंत आला. त्याच्या तळव्यातून रक्त येत होतं, ते मधात मिसळत होतं. हे सगळं किती वेळ चाललं मला सांगता येणार नाही. एकदा काठी माझ्या कानाजवळून गेली आणि भिंतीचा पोपडा पडला.

शेवटी तो धापा टाकत थांबला. काठीने इकडेतिकडे ठोकून बघितलं. सगळीकडे रिकाम्या फळीचा आवाज आला.

“संपल्या?”

“नाही,” मी म्हणाले. “तुझ्या डाव्या हाताला, खाली, अजून एक फळी आहे.”

“किती?”

“चोवीस.”

त्याने काठी परत उचलली.

“सरक,” तो म्हणाला. “तुला लागेल.”

मी सरकले.