बाबांचा डावा हात

अर्धांगाच्या झटक्यानं बाबांचा उजवा हात गेला, तेव्हा ताईनं त्यांच्यापुढे पाटी ठेवली. घराच्या पुढच्या खोलीत ती लहान मुलांचा वर्ग घ्यायची. मुलं गेली की त्याच बाकावर बाबा बसत आणि डाव्या हातानं रेघा ओढत.

"मास्तरीणबाई, उद्या सुट्टी द्या. पोटात दुखणार आहे माझ्या."

"दुखेल तेव्हा बघू. आधी गोल पुरा करा."

जन्मभराची धावती सही विसरून बाबा एकेक अक्षर जोडत नाव लिहायला शिकले. वळण अर्थातच ताईचं: टपोरं, उभं, शेवटी एक टिंब. पाटी भरली की ती ओल्या फडक्यानं पुसायची. धाकटा भाऊ दर रविवारी यायचा, पाटी बघून हसायचा. "बाबा, पास झालात की नाही?"

त्याच हातानं बाबांनी नव्या मृत्युपत्रावर सही केली. दुकान धाकट्याला दिलेलंच होतं, घर ताईला लिहिलं. बाबा गेले आणि धाकट्यानं दावा लावला: बाबांना लिहिताच येत नव्हतं, सही ताईची आहे. सही खोटी ठरली, तर जुनं मृत्युपत्र लागू होणार होतं. त्यात घरही धाकट्याचंच होतं.

दोन साक्षीदारांपैकी शेजारचे शिंपीकाका वारले होते. डॉक्टर म्हणाले, "माझी सही खरी. पण त्यांना लिहिताना पाहिलं का, ते आता आठवत नाही."

मग ताईच उभी राहिली. बाबांना कसं शिकवलं, ते तिनं कौतुकानं सांगितलं. न्यायाधीशांनी कोरा कागद दिला, बाबांचं नाव लिहायला सांगितलं. फळ्यावर लिहावं तसं तिनं नीट लिहिलं. हस्ताक्षरतज्ज्ञानं दोन्ही कागद शेजारी ठेवले. "अक्षर एकाच हातचं आहे."

"एका हातचं नाही हो, एका शाळेतलं आहे," ताई म्हणाली. कुणीतरी फिस्सकन हसलं.

"त्यांच्या सरावाचा एखादा कागद?" न्यायाधीशांनी विचारलं.

"पाटीवर लिहायचे."

"मग पाटी आणा."

"पुसलेली आहे."

बाहेर आल्यावर वकिलांनी कपाळाला हात लावला. "हे हात दाखवून अवलक्षण झालं, ताई! जरा वाकडं काढायचं होतं."

"वाकडं काढायला हात वळायला तर हवा ना!"

निकाल विरुद्ध गेला. वरच्या कोर्टातही हेच कागद आणि हेच अक्षर, असं वकिलांनीच सांगितलं.

धाकटा ताबा घ्यायचा कागद घेऊन आला. ताईनं बाकावर बसून सही केली. तो त्या सहीकडे बघत राहिला.

"हे टिंब... बाबाही असंच दाबून द्यायचे. दर वेळी पेन्सिलीचं टोक मोडायचं."

ताईनं मान वर केली. "हे तिथं का नाही बोललास?"

त्यानं कागदाची घडी केली, खिशात घातली, खिसा उगाच दोनदा चाचपला. "माझाही संसार आहे, ताई," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत बाकं तेवढी हलव."

तो उंबऱ्यातून बाहेर पडतोय तोच मुलं आत घुसली. नेहमीसारखी धक्काबुक्की करत बसली, पाट्या मांडीवर घेतल्या.

"ताई, आज काय लिहायचं?"

ताईनं खडू उचलला. फळ्यापर्यंत नेला, आणि परत डबीत ठेवला.

"आज तोंडीच घेऊ," ती म्हणाली.