तिसऱ्यांदा विचारल्यावर

पाचोडच्या बैलबाजारात पुंजारामसारखा दलाल नव्हता. तोंडात साखर अन् जीभ कात्रीसारखी. एका दिवाळीनंतर त्याचे शब्द जड पडू लागले, तेव्हा गडी पिऊ लागला म्हणून गावानं ठरवूनच टाकलं. त्याच्या बायकोनं, चतुराबाईनं, दोनदा गुपचूप तोंडाचा वास घेऊन पाहिला. वास नव्हता.

संभाजीनगरला मेंदूच्या डॉक्टर शैलाबाईंनी तपासण्या करून आडपडदा न ठेवता सांगितलं: नसांचा आजार आहे, आधी बोलणं जाईल, मग गिळणं, शेवटी श्वास. थांबवणारं औषध नाही. मग आता घरीच न्यायचं का, असं चतुराबाईनं विचारलं.

"घरी न्या," डॉक्टर म्हणाल्या, "पण डॉक्टर शेवटपर्यंत मीच."

आणि त्या शब्दाला जागल्या. घास किती पातळ करायचा, दम लागला तर किती थेंब द्यायचे, सगळं चतुराबाईच्या हातून करवून घेतलं. एकदा त्यांनी पुंजारामला समोर बसवून विचारलं, श्वास अडला तर मशीनवर ठेवायचं का. चतुराबाईला ते ऐकवेना. ती बाहेर जाऊन बाकावर बसली. आत काय ठरलं, ते तिनं कधी विचारलं नाही.

चैत्रात, सकाळच्या उन्हात, पुंजाराम घरीच गेला. शांतपणे गेला. पण तेराव्याला कुणीतरी बोललंच, दवाखान्यात नेलं असतं तर वाचला असता. ते वाक्य तिच्या काळजात रुतलं. जेवण तुटलं.

महिन्याभरानं डॉक्टरांचा फोन आला. तुम्ही कशा आहात, एवढंच विचारलं. दुसऱ्याच दिवशी ती एसटीनं त्यांच्यापुढं जाऊन बसली.

"मीच मारलं का हो मालकाला?"

शैलाबाईंनी फाईलमधून एक कागद काढून तिला वाचून दाखवला. पुंजारामचंच वाकडंतिकडं अक्षर: मशीन नको. घरी. चतुरा जवळ पाहिजे.

"मी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा असे चिडले, की जणू सौदा पक्का झाल्यावर मी पुन्हा भाव पाडतेय."

चतुराबाईला खुदकन हसू आलं. मग ती पोटभर रडली. डॉक्टर बाहेरचे पेशंट थांबवून बसून राहिल्या.

पुढं शैलाबाईंनीच गळ घातली, म्हणून ती दर गुरुवारी दवाखान्यात अशाच पेशंटच्या घरच्यांना शिकवायला येऊ लागली. परवा पैठणची एक बाई हातात वाटी धरून गोंधळली होती. नवऱ्याला सारखा ठसका लागत होता.

चतुराबाईनं पदर खोचला. "आधी त्याची हनुवटी खाली घे, बाई," ती म्हणाली, "अन् घाई करू नको. लई वेळ आहे आपल्याकडं."